बांदुरियाचं सोंग

१८८०च्या जानेवारीत स्पेनमधला एक वाद्यवृंद न्यूयॉर्कला उतरला. विद्यार्थ्यांचे काळे झगे आणि हातात सपाट पाठीची, दुहेरी तारांची छोटी वाद्यं. लोक म्हणाले, वा, काय मँडोलिन वाजवतात! ती मँडोलिन नव्हतीच, बांदुरिया होती. पण कार्लो कुर्ती या इटालियन वादकाने हा घोटाळा बरोब्बर हेरला. त्याने न्यूयॉर्कमधले इटालियन वादक गोळा केले, त्यांना स्पॅनिश झगे चढवले, हाती मँडोलिन दिली आणि 'स्पॅनिश विद्यार्थी' म्हणून गावोगाव फिरवलं. सोंग इतकं वठलं की अमेरिकेत मँडोलिन क्लबांचं पेव फुटलं.

मँडोलिनचं घराणं नेपल्सचं, विनाच्चा कुटुंबाच्या कारखान्यातलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला भूल पडली ती नावाची. रूढ समजूत अशी की 'मांदोर्ला' म्हणजे बदाम, वाद्याचं पोट बदामासारखं, म्हणून मँडोलिन. मला हे पटत नाही. ल्यूटचं पोटही तसंच, त्याला कुणी बदाम म्हटलं? माझा कौल ग्रीकांच्या 'पांदुरा' या तंतुवाद्याला. आता पुरावा बघा: चौदाव्या शतकातल्या हुआन रुइस या स्पॅनिश कवीच्या काव्यात बांदुरियाचं नाव 'मांदुरिया' असं आलंय, चक्क 'म'ने! प, ब, म तिन्ही ओठांतले. आपण नाही का 'आम्र'मध्ये 'ब' घुसवून 'आंबा' केला? बदाम इटालियन कानाला मागाहून आठवला असणार. म्हणजे कुर्तीने बांदुरियाच्या जागी तिची चुलत बहीणच उभी केली होती.

पण बहिणी दिसायला सारख्या, लागायला नाहीत. बांदुरियाच्या शेजारच्या तारांत षड्ज-मध्यमाचं अंतर, मँडोलिनच्या तारांत षड्ज-पंचमाचं, थेट व्हायोलिनसारखं. म्हणून व्हायोलिनवाल्याला बोटं नव्याने शिकावी लागत नाहीत. माझ्या मते छोट्या मँडोलिन संचाच्या रचनेची किल्ली इथेच आहे: दोन मँडोलिन, व्हायोलाच्या जागी मँडोला, चेलोच्या जागी मँडोचेलो, की चौकडी तयार. नेपल्सचे अभिमानी म्हणतील, आमच्या रचनाकार कार्लो मुनिएरने फ्लॉरेन्समध्ये अशा चौकडीसाठी लिहिलं, वादक-रचनाकार राफाएले कालाचे होता, त्यांना न्यूयॉर्कचं सोंग कशाला हवं होतं? कबूल. पण दोघांची मदार त्याच पंचमावर होती.

खरी अडचण वेगळीच. मँडोलिनचा स्वर छेडला की विरतो. लांबवायचा तर प्लेक्ट्रम झरझर फिरवायचा, म्हणजे ट्रेमोलो. तीस जण तो करतात तेव्हा झुळझुळ वाटते. चौघांत मात्र प्रत्येक टोला कानाला मोजता येतो, आणि चौघेही एकदम करू लागले तर गांधीलमाश्यांचं पोळं. म्हणून जाणता रचनाकार ट्रेमोलो बहुधा एकालाच देतो, बाकीच्यांना सुटे, कोरडे छेड. आपल्याकडे संगीतकार सज्जाद हुसेन यांनी मुंबईत मँडोलिनवर मींड काढून विरणाऱ्या स्वरावर दुसराच इलाज शोधला, पण तो एकट्याचा.

आमचं मँडोलिनचं त्रिकूट आहे. मँडोला एका गिटारवाल्याकडे. गिटारच्या तारांत बहुतेक षड्ज-मध्यम. त्यामुळे घाईच्या जागी त्याचं बोट नेमकं दोन पडद्यांनी चुकतं, आणि मी म्हणतो, "बांदुरिया झाली, पुन्हा घे."