एक दात मागे: टायमिंग बेल्टची साठ वर्षं

आज इतिहास एका रबरी पट्ट्याचा. बोअर वाटतंय? थांबा जरा, यात तुमचे पैसे वाचू शकतात.

इंजिनात दोन दांडे असतात. खालचा क्रँकशाफ्ट, तो पिस्टनमुळे फिरतो. वरचा कॅमशाफ्ट, तो व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदाच फिरायला हवा. हे गणित आधी लोखंडी साखळी किंवा गिअर सांभाळायचे. १९६२ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या ग्लास कंपनीने '१००४' या गाडीत त्यासाठी दात असलेला रबरी बेल्ट लावला. स्वस्त, आवाज कमी, तेलाची गरज नाही. पुढे फियाटसारख्या मोठ्या कंपन्यांनीही तो उचलला. आपल्याकडे १९८३ ला आलेल्या मारुती ८०० मध्येही बेल्टच होता.

तेव्हा पेट्रोल मोजायचं काम कार्बोरेटरचं. गाडी बिघडली की मिस्त्री कान लावायचा, प्लग काढून बघायचा. प्लगवर काळी काजळी? म्हणजे गाडी रिच चालतेय, हवेच्या मानाने पेट्रोल जास्त.

मग कॅलिफोर्नियातल्या धुरक्याने चित्र बदललं. धुराचे नियम कडक झाले. १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीत बॉशचा ऑक्सिजन सेन्सर आला. सायलेन्सरच्या वाटेवर बसून तो उरलेला ऑक्सिजन ओळखतो, आणि त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. टार्गेट काय, तर एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा. १९९६ पासून अमेरिकेत प्रत्येक नव्या कारला ओबीडी-२ सक्तीचं झालं. स्कॅनर लावा, कोड वाचा. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, इंजिनाला लॉग मिळाला.

पण लॉगमध्ये लक्षण दिसतं, कारण दिसेलच असं नाही.

माझ्या एका मित्राची गाडी बेल्ट बदलल्यावर झटके द्यायला लागली, पेट्रोलचा वास यायला लागला. कोड दोन: पी०१७२ म्हणजे रिच, पी०३०० म्हणजे मिसफायर. गॅरेजमधून सल्ला आला, "ऑक्सिजन सेन्सर बदला." सेन्सर बिचारा खरंच सांगत होता! बेल्ट एक दात मागे बसला होता. क्रँकच्या चाकाला २० दाते धरले, तर एक दात म्हणजे १८ अंशांची चूक. व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, आत ओढलेली थोडी हवा परत ढकलली जाते, आणि इनटेकमधली ओढ कमी होते. तिथला प्रेशर सेन्सर तेवढंच कळवतो. कॉम्प्युटरला वाटतं हवा भरपूर येतेय, आणि तो पेट्रोल वाढवतो. कारण त्याचा हिशेब कंपनीत बांधला गेला तेव्हा बेल्ट बरोबर बसलाय हे गृहीत होतं. कॅम-क्रँक जुळत नसल्याचा वेगळा कोड असतो, पण एका दाताचा फरक प्रत्येक गाडी पकडतेच असं नाही.

म्हणून डीबगिंगचा पहिला प्रश्न इथेही तोच: शेवटचा बदल कोणता केला? कामाच्या वेळी काढलेले कनेक्टर आणि पाइप नीट बसलेत का, ते आधी बघायचं. मग प्लग. मग गाडी नुसती चालू ठेवून स्कॅनरवर इनटेक प्रेशर. गरम इंजिनावर तो नेहमीपेक्षा जास्त दिसला, तर संशय बेल्टवर. शेवटी कव्हर काढून क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचा आणि दोन्ही चाकांवरच्या खुणा जुळतात का ते बघायचं. या तपासणीला नवा पार्ट लागत नाही.

आणि तोवर गाडी रेटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो आतून वितळू शकतो, आणि त्याचं बिल सेन्सरपेक्षा कितीतरी मोठं असतं.

बेल्ट नुकताच बदलला असेल आणि कुणी सेन्सर बदला म्हणालं, तर एवढंच विचारा: "दादा, खुणा जुळवून बघितल्यात का?" चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.