कापसाचा दुष्काळ आणि त्याचा धडा

कारखानदाराचें शहाणपण कशांत आहे, असें विचारल्यास बहुतेक लोक सांगतील कीं, कच्चा माल जेथें स्वस्त व चांगला मिळेल तेथून घ्यावा आणि तो कोठारांत निष्कारण पडून राहूं देऊं नये. हें उत्तर खोटें नाहीं. परंतु तें अपुरें आहे, अशी साक्ष लँकेशायरचा इतिहास देतो.

१८६० सालीं तेथील गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकीं सुमारें चार-पंचमांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतून येत असे. तो लांब धाग्याचा, स्वच्छ आणि गुलामांच्या श्रमावर पिकलेला. या एकाच वाटेवर विसंबणें धोक्याचें आहे, हें कोणास सुचलेंच नव्हतें असें मात्र नाहीं. हिंदुस्थानादि देशांतून कापूस मिळवावा, असें सांगणारी एक संस्था मँचेस्टर येथें १८५७ सालींच निघाली होती. पण दूरदृष्टीचें मोल आज द्यावें लागतें आणि तिचें फळ मिळेलच अशी हमी नसते. गिरणीमालकांनीं माना डोलावल्या व पुढचा सौदा पूर्वींच्याच ठिकाणीं केला.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. उत्तरेनें दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. दक्षिणेनेंहि इंग्लंडवर दडपण आणण्यासाठीं कापूस रोखून धरला. शिलकी साठ्यावर कांहीं काळ निभावलें. पण १८६२ च्या अखेरीस सुमारें पांच लाख माणसें धर्मादाय मदतीवर जगत होतीं. कापूस कोठून घ्यावा, हें त्यांना कोणीं कधींच विचारलें नव्हतें.

आतां सर्वांस आपल्या कापसाची आठवण झाली. परंतु तो आंखूड धाग्याचा व भेसळीनें बदनाम; तिकडील यंत्रें अमेरिकन धाग्यास जुळविलेलीं; बोरघाटांतील लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला आणि नागपुरास आगगाडी पोंचली ती १८६७ सालीं. दुसरी वाट संकटाच्या दिवशीं सांपडत नाहीं. ती आधीं बांधून ठेवावी लागते.

तरीहि भाव भडकले आणि मुंबईंत पैशाचा पूर आला. नव्या बँका, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या व त्यांचे शेअर यांना सुमार राहिला नाहीं. १८६५ च्या एप्रिलांत युद्ध संपलें. १ जुलै रोजीं वायद्यांची मुदत भरली आणि नामांकित पेढ्यांनीं दिवाळें काढलें. मँचेस्टरनें शांतता कायमची मानली, मुंबईनें युद्ध कायमचें मानलें, चूक एकच.

आपल्या काळांतहि हें घडतें. कमींत कमी साठा ठेवण्याविषयीं प्रसिद्ध असलेल्या जपानच्या टोयोटा कंपनीनें २०११ च्या भूकंपानंतर इलेक्ट्रॉनिक चिपांचा कांहीं महिन्यांचा साठा राखण्याची व्यवस्था केली. २०२१ च्या आरंभीं चिपांची टंचाई पडली तेव्हां इतरांचे कारखाने थांबले, तिचे पुष्कळसे चालू राहिले. पण त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत तिलाहि उत्पादन कमी करावें लागलें.

भविष्य अचूक ओळखणें कोणासहि साधत नाहीं. मात्र ‘असें झालें तर?’ हा प्रश्न भरभराटीच्या दिवसांत विचारणें आणि त्याच्या उत्तरासाठीं थोडा नफा सोडणें साधतें. मालकानें तो सोडला नाहीं, तर ती रक्कम पुढें मजुराच्या चुलींतून वसूल होते.