सोनी : नावासाठी नाकारलेली मागणी

युद्धात होरपळलेल्या टोकियोत मासारू इबुका व अकिओ मोरिता यांनी मे १९४६ मध्ये ‘टोकियो त्सुशिन कोग्यो’ ही कंपनी स्थापन केली. अमेरिकेच्या वेस्टर्न इलेक्ट्रिककडून ट्रान्झिस्टरचा परवाना मिळवून १९५५ मध्ये तिने जपानमधील पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ विक्रीस आणला. त्याच वर्षी बुलोव्हा या अमेरिकी घड्याळ कंपनीने एक लाख रेडिओंची मागणी केली. अट एकच, रेडिओवर नाव बुलोव्हाचे हवे. मागणीची रक्कम कंपनीच्या भांडवलाच्या कित्येक पट होती आणि टोकियोतील सहकारी ती स्वीकारण्याच्या मताचे होते. मोरिता यांनी ती नाकारली. १९५८ मध्ये कंपनीने ‘सोनी’ हेच आपले नाव केले. पुढे बीटामॅक्स ही तिची व्हिडिओ पद्धती व्हीएचएसपुढे टिकली नाही. १९७९ च्या ‘वॉकमन’चे नाव मात्र इंग्रजी शब्दकोशांतही गेले.