इटालियन मोटारगाड्या, जुन्या : महाराष्ट्रातील जतन व जीर्णोद्धार

जुन्या मोटारगाड्या दुरुस्त करून चालत्या स्थितीत ठेवणे, त्यांची प्रदर्शने व फेऱ्या भरविणे आणि त्यांच्या अस्सलपणाची चिकित्सा करणे, हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर रूढ झालेला छंद होय. त्यात इटालियन शर्यती गाड्यांना विशेष मान आहे. महाराष्ट्रात अशा गाड्या विरळा. तथापि त्यांच्याच कुळातील फियाट ११०० ही गाडी मुंबईत सु. साडेचार दशके तयार होत होती. त्यामुळे गाडीचे अस्सल रूप कोणते, हा जीर्णोद्धारातील मूळ प्रश्न येथे वेगळ्या स्वरूपात उभा राहतो.

फियाट कंपनीची स्थापना १८९९ मध्ये इटलीतील तूरिन येथे झाली. तिने १९३७ मध्ये ५०८ सी ही गाडी बाजारात आणली. दान्ते जाकोसा (१९०५–९६) या अभियंत्याच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या या गाडीच्या चार सिलिंडरांच्या एंजिनाची धारिता १,०८९ घ. सेंमी. होती. साधी रचना व सहज मिळणारे सुटे भाग यांमुळे शर्यती गाड्या बांधणाऱ्या लहान कारखान्यांनी हे एंजिन आपलेसे केले. एन्झो फेरारी यांनी १९४० च्या मिले मिल्या (हजार मैल) या शर्यतीसाठी बांधलेल्या ८१५ या गाडीतील आठ सिलिंडरांचे एंजिन ५०८ सीच्याच यंत्रभागांवर आधारलेले होते. चिसितालिया २०२ या गाडीतही फियाट ११०० चेच एंजिन बसविलेले असे. चिसितालिया गाडी चालवून तात्सिओ नुवोलारी यांनी १९४७ च्या मिले मिल्या शर्यतीत दुसरा क्रमांक मिळविला. पुढे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने चिसितालिया २०२ आपल्या कायम संग्रहात घेतली. फियाटने १९५३ मध्ये आणलेल्या ११००–१०३ या कुटुंबगाडीतही एंजिनाची धारिता १,०८९ घ. सेंमी. हीच राहिली.

ही गाडी महाराष्ट्रात आली ती प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीमार्फत. सोलापूर येथे जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी १९४४ मध्ये ही कंपनी स्थापन केली. मुंबईतील कुर्ला येथील तिच्या कारखान्यात प्रथम अमेरिकन क्राइस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी होई. नंतर फियाटशी सहकार्य करण्यात आले आणि १९५४ पासून फियाट ११०० तयार होऊ लागली. तिच्या गोलसर आकारामुळे लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिले. १९६४ मध्ये चौकोनी बांध्याची ११०० डिलाइट आली. १९७४ पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. इटलीतील ११०० डी या मूळ गाडीत १,२२१ घ. सेंमी. धारितेचे एंजिन होते. कुर्ल्याच्या गाडीत मात्र जुने १,०८९ घ. सेंमी. धारितेचेच एंजिन राहिले. इटलीत हे प्रारूप केव्हाच मागे पडले. येथे मात्र ते सु. २००० पर्यंत तयार होत होते. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ते मुंबईची ओळख बनले.

जुन्या गाड्यांच्या जीर्णोद्धाराविषयी शौकिनांत दोन मते आढळतात. एका मतानुसार गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी जशी होती तशी करावी : चासी व एंजिन यांचे क्रमांक मूळ नोंदीशी जुळावेत, रंग त्या वर्षीच्या छटेतलाच असावा. दुसऱ्या मतानुसार झिजलेले आसन, फिकटलेला रंग व जुनी डागडुजी हीच गाडीच्या इतिहासाची साधने होत. त्यांवर नवा रंग चढविणे म्हणजे पुरावा पुसणे होय. ऐतिहासिक मोटारगाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने (स्थापना १९६६) २०१२ मध्ये स्वीकारलेली तूरिन सनद दुसऱ्या मताकडे झुकते. वास्तूंच्या जतनासंबंधीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेवरून तिने प्रेरणा घेतली आहे. जतन आणि जीर्णोद्धार यांत ती भेद करते व शक्य तितका कमी हस्तक्षेप करावा असे सुचविते. वास्तूंच्या बाबतीत हाच प्रश्न सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर येथे दिसून येतो. तेथील श्रीविठ्ठल मंदिरात २०२४ मध्ये, नंतरच्या काळात बसविलेल्या फरशा व चांदीची आवरणे काढून मूळ दगडी बांधकाम उघडे करण्यात आले. कोणता थर मूळचा आणि कोणता उपरा, हे ठरविल्यावाचून असे काम करता येत नाही.

फियाटच्या बाबतीत हा निर्णय अधिक अवघड ठरतो. शर्यती गाडीचे मोल एखाद्या शर्यतीवरून ठरते. फियाट ११०० चा इतिहास मात्र रोजच्या वापराचा आणि दुरुस्तीचा आहे. मेस्त्रीने ठोकून सरळ केलेला पत्रा, चोरबाजारातून आणलेले सुटे भाग, टॅक्सीत बसविलेली वायूची टाकी किंवा डिझेल एंजिन, हे सारे त्या इतिहासात मोडते. इटालियन रूप प्रमाण मानले, तर कुर्ल्यात झालेले बदल दोष ठरतात. कुर्ल्याचे रूप प्रमाण मानले, तर टॅक्सीचालकाने केलेले बदल दोष ठरतात. गाडी खाजगी होती की टॅक्सी, हे आधी निश्चित करून त्या जीवनक्रमाला अनुरूप असा जीर्णोद्धार करणे अधिक सयुक्तिक होय.

कायद्याने याबाबत पहिल्या मताचा स्वीकार केला आहे. केंद्र शासनाच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि चासी, सांगाडा वा एंजिन यांत मोठे फेरफार न झालेले वाहन ‘विंटेज’ म्हणून नोंदविता येते. ते प्रदर्शन, फेरी, तांत्रिक संशोधन यांसारख्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. नेहमीच्या किंवा व्यापारी वापरास मनाई आहे. दुसरीकडे मुंबईतील टॅक्सींना २० वर्षांची वयोमर्यादा लागू होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. साहजिकच ऑक्टोबर २०२३ अखेर ही गाडी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून नाहीशी झाली. वापरातून बाद होण्याचे वय २० आणि वारसा म्हणून मान्यता मिळण्याचे वय ५०, यांमधील तीस वर्षांत टॅक्सीला कोणतेही संरक्षण नसते; बहुतेक टॅक्सी या काळात भंगारात जातात.

मुंबईतील विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया या संस्थेच्या फेऱ्यांमुळे जुन्या गाड्यांविषयी लोकांत आस्था निर्माण झाली आहे. परंतु किंमती व दुर्मिळ गाड्यांना जतनाची जी निगा लाभते, ती सामान्य गाड्यांना क्वचितच लाभते. फियाट ११०० च्या जतनासाठी गाड्यांबरोबरच कुर्ल्याच्या कारखान्याची रेखाचित्रे, सुट्या भागांच्या सूची आणि जुन्या मेस्त्रींचे हस्तकौशल्य यांचीही नोंद होणे आवश्यक आहे. नोंदीअभावी पुढील काळात गाडी चालू करता येईल. पण ती अस्सल आहे किंवा नाही हे ठरविण्याचे साधन उरणार नाही.