स्वयंपर्यवेक्षित अध्ययन (संगणकीय दृष्टी)

स्वयंपर्यवेक्षित अध्ययन ही यंत्र अध्ययनाची एक पद्धत आहे. या पद्धतीत माणसाने लावलेल्या नामपट्ट्यांविना, मूळ विदेतूनच प्रश्न आणि उत्तर तयार करून संगणकाला शिकवले जाते. चित्रे व चलचित्रे यांचा अर्थ लावणाऱ्या संगणकीय दृष्टी या शाखेत ती गेल्या दशकापासून डॉक्टरेट संशोधनाचे एक प्रमुख क्षेत्र बनली आहे.

पार्श्वभूमी

पर्यवेक्षित अध्ययनात प्रत्येक चित्रासोबत ‘मांजर’, ‘सायकल’ असे उत्तर पुरवावे लागते. फेई-फेई ली व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेल्या इमेजनेट या संग्रहात पुढे १.४ कोटींहून अधिक चित्रे जमा झाली. त्यांच्या नामपट्ट्यांसाठी ॲमेझॉन मेकॅनिकल टर्क या मंचावरील असंख्य लोकांचे श्रम खर्ची पडले. मांजर कोणालाही ओळखता येते. क्ष-किरण चित्रातील विकृती ओळखण्यास मात्र तज्ज्ञ डॉक्टर लागतो. अशा क्षेत्रांत चित्रे विपुल, पण नामपट्ट्या दुर्मीळ असतात.

प्रमुख पद्धती

* पूर्वकार्ये : चित्राच्या दोन तुकड्यांचे परस्परस्थान सांगणे (२०१५), कृष्णधवल चित्रात रंग भरणे (२०१६), चित्र किती अंशांनी फिरवले आहे ते ओळखणे (२०१८).
* तुलनात्मक अध्ययन : एकाच चित्राची दोन बदललेली रूपे जवळची आणि इतर चित्रे दूरची मानण्यास शिकवणे. सिमसीएलआर (२०२०) हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय.
* आच्छादन : चित्राचा काही भाग झाकून तो पुन्हा रचण्यास लावणे. २०२१ मध्ये मांडलेल्या मास्क्ड ऑटोएन्कोडर पद्धतीत सुमारे ७५ टक्के भाग झाकला जातो.

डॉक्टरेट संशोधनातील स्थान

या क्षेत्रातील काही पायाभूत काम विद्यार्थ्यांनीच केले आहे. तुकड्यांच्या परस्परस्थानाविषयीचे संशोधन कार्ल डोअर्श यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात पीएच.डी. करताना केले. माटिल्ड कारों यांनी फ्रान्समधील इन्रिया ही संस्था आणि फेसबुकची संशोधन शाखा येथे डॉक्टरेट करत असताना सहकाऱ्यांसह डिनो ही पद्धत २०२१ मध्ये मांडली. नामपट्टी न देताही या प्रतिमानाला चित्रातील वस्तूंची बाह्यरेषा उमगते, असे त्यात दिसून आले.

संधी व अर्थसाहाय्य

भारतात आयआयटी मुंबई, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, आयआयआयटी हैदराबाद आदी संस्थांत संगणकीय दृष्टीवर संशोधन चालते. पीएच.डी. प्रवेशासाठी साधारणतः गेट किंवा नेट परीक्षेतील गुण आणि मुलाखत विचारात घेतली जाते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान संशोधन शिष्यवृत्तीत पहिल्या दोन वर्षांसाठी दरमहा ७०,००० रुपये ठरवण्यात आले होते. युरोपातील एलिस पीएच.डी. कार्यक्रमात विद्यार्थ्याला वेगवेगळ्या संस्थांतील दोन मार्गदर्शक मिळतात. फ्रान्सच्या सिफ्र योजनेत विद्यार्थी एखाद्या कंपनीत नोकरी करत डॉक्टरेट पूर्ण करतो.

आव्हाने

नामपट्ट्यांचा खर्च वाचला, तरी गणनशक्तीचा खर्च वाढला. २०२३ मधील डिनोव्ही२ या प्रतिमानाच्या प्रशिक्षणासाठी १४.२ कोटी चित्रांचा संच वापरला गेला. एवढे प्रशिक्षण मुळापासून करणे बहुतेक विद्यापीठांच्या प्रयोगशाळांच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्यामुळे उपलब्ध प्रतिमाने वैद्यकीय किंवा उपग्रहीय चित्रांसाठी अनुकूल करणे, थोड्या विदेवर शिकणाऱ्या पद्धती शोधणे, प्रतिमानांतील पूर्वग्रह तपासणे आणि या पद्धती यशस्वी का होतात याची सैद्धांतिक मीमांसा करणे, हे विषय मर्यादित साधने असलेल्या संशोधकांना खुले राहतात.