बाळंतपणाचा पैसा कोणी द्यायचा?

सरकारी योजनेचे नाव निघाले की 'फुकटे' हा शब्द आपल्याच वस्तीकडे बघून उच्चारला जातो. म्हणून एका योजनेचा इतिहास आपण नीट पाहू.

२८ जुलै १९२८. मुंबई कायदेमंडळात गिरण्या-कारखान्यांतील बायकांना बाळंतपणात रजा आणि भत्ता देणाऱ्या विधेयकावर चर्चा चालू होती. विरोधकांची ओरड एकच, धंद्यावर बोजा पडेल. बाबासाहेब विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळण्यात राष्ट्राचे हित आहे, म्हणून हा खर्च मुख्यतः सरकारने उचलावा. सरकार उचलत नाही तोवर मालकाने द्यावा, कारण बाईला कामावर ठेवून फायदा तो घेतो, असा त्यांचा मुद्दा होता. यात दयेची भाषा कुठेच नाही, हिशोबाची आहे.

१९२९ मध्ये कायदा झाला, पण कारखान्यापुरता. पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना खाणीतील बायकांच्या प्रसूती-लाभाच्या कायद्यात दुरुस्त्या झाल्या. (युद्धकाळात, १९४३ मध्ये, बायकांना भूमिगत खाणीत उतरवण्यावरची बंदी त्याच सरकारने उठवली होती. हेही आपण लपवू नये.) १९६१ चा केंद्रीय कायदा आला, २०१७ मध्ये रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली. ही रजा ज्यांच्या नावावर हजेरीपट आहे त्यांची.

शेतात राबणाऱ्या बाईचे काय? सरकारने खर्च उचलावा ही १९२८ ची मागणी देशाच्या कायद्यात यायला २०१३ उजाडले. अन्नसुरक्षा कायद्याने सरकारी नोकरीतल्या किंवा असा लाभ आधीच मिळणाऱ्या बायका सोडून प्रत्येक गरोदर बाईला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. आणि २०१७ च्या मातृवंदना योजनेने काय केले? ५,००० रुपये, तेही पहिल्याच बाळासाठी. दुसऱ्या बाळाला पुढे पैसे मिळू लागले, पण ती मुलगी असली तरच. कायदा 'प्रत्येक' म्हणतो, योजना चाळणी लावते. याला आम्ही हक्कावरचा दरोडाच म्हणतो.

बीडची ऊसतोड बाई पोटुशी असली तरी फडात उतरते. नवरा-बायको मिळून एक कोयता. ती एक दिवस बसली की मुकादम खाडा लावतो आणि तो दंड उचलीतून कापून घेतो. बाळंतपणाचा पैसा आजही तीच भरते आहे.