नावातून गळलेले पोट

सिस्टिक फायब्रोसिस म्हटले की आज फुप्फुसे डोळ्यांपुढे येतात : चिकट कफ, धाप, वारंवार होणारा संसर्ग. मी डॉक्टर नव्हे. जुने वैद्यकीय लेख वाचत गेलो तेव्हा लक्षात आले, की हा आजन्म आजार आधी ओळखला गेला तो पोटातून.

१९०५मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टाइनर यांनी (रक्तगट शोधणारे ते हेच) नवजात बाळाची पहिली शी घट्ट होऊन आतडे तुंबते, याचे वर्णन केले आणि त्याचा संबंध बिघडलेल्या स्वादुपिंडाशी जोडला. आजाराला नाव मिळायला मात्र तीसहून अधिक वर्षे जावी लागली.

ते दिले डोरोथी अँडरसन यांनी. स्त्री म्हणून शल्यचिकित्सेचे दार बंद झाले, म्हणून त्या विकृतिशास्त्राकडे वळलेल्या. न्यूयॉर्कमध्ये शवविच्छेदन करताना, सिलिअ‍ॅक आजाराने गेले असे समजलेल्या एका मुलाच्या स्वादुपिंडात त्यांना गाठी आणि तंतू दिसले. त्यांनी जुन्या नोंदी उपसल्या आणि १९३८मध्ये ४९ रुग्णांचा अभ्यास छापला. काही बाळे जन्मानंतर आठवडाभरातच, आतडे तुंबून गेली होती. अँडरसन यांनी ठेवलेले नाव होते ‘स्वादुपिंडाचा सिस्टिक फायब्रोसिस’. पुढे वापरात ‘स्वादुपिंडाचा’ हा शब्द गळला. नाव सुटसुटीत झाले खरे, पण माझ्या मते पोटही त्याबरोबर थोडे विस्मरणात गेले.

यकृताची गोष्ट अधिक फसवी. १९५६मध्ये पॉल दि सांत’आन्येझे आणि ब्लँक यांनी या आजारातील यकृताच्या वेगळ्या सिरोसिसवर लेख लिहिला. १९८९मध्ये सदोष जनुक सापडले आणि कारणाचा उलगडा होऊ लागला. त्या जनुकाचे प्रथिन यकृताच्या मुख्य पेशींत नसते. ते असते पित्तनलिकांच्या अस्तरात. तिथे क्षार-पाण्याची ये-जा बिघडते, पित्त दाटते, बारीक नलिका तुंबतात. व्रण पडतात तेही ठिकठिकाणी. मधला भाग धडधाकट राहतो. त्यामुळे यकृताचे काम बराच काळ ठीक चालते, रक्ताचे अहवालही फारसे बोलत नाहीत. आत मात्र यकृताकडे जाणाऱ्या शिरेतला दाब वाढतो, प्लीहा फुगते, अन्ननलिकेतल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होऊ शकते.

उपचारांनीही एकदा आतड्यावर घाव घातला. स्वादुपिंडाची पाचक विकरे पोटात पोहोचत नाहीत, म्हणून ती कॅप्सूलमधून देतात. अधिक तीव्रतेच्या कॅप्सूल आल्या. गोळ्यांची संख्या घटली म्हणून आईबापांना हायसे वाटले असेल. १९९४च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये लिव्हरपूलच्या डॉक्टरांनी पाच मुलांची हकिकत छापली : मोठे आतडे आतून जाड होऊन आवळले गेले होते. मुले या तीव्र कॅप्सूल घेणारी होती. त्यानंतर वजनाच्या दर किलोमागे दिवसाला लायपेजचे १०,००० युनिट, ही वरची मर्यादा सुचवली गेली.